बैल जुंपलेल्या मोटारीतली वरात

मंडळी, आज सकाळी नव्वदी पार केलेल्या माझ्या आत्याला मोबाईलवर एका जुन्या मोटारीचा फोटो दाखवला. ती एकदम उठून बसली. "अवं, अशाच गाडीतून मी नवरी होऊन मेडशीले आली!"

एकेकाळी कारंज्याचे कापूस व्यापारी या गाडीवर जीव टाकत. पुढे कंपनीच बंद पडली, सुटे भाग मिळेनात. आत्याच्या वरातीसाठी एका व्यापाऱ्याकडून उसनी आणलेली गाडीही वाटेतच बंद पडली. सगळे म्हणाले, "बैलबंडीत बस." आत्या उतरेना. शेवटी तिच्या सासऱ्यांनी मोटारीलाच बैल जुंपले.

"लोक हसले असतील ना?"

"लय हसले! पन जन्मात पह्यल्यांदा कोनी माहं आयकलं होतं, अन् ते बी सासरी."

तुमचं असं पहिल्यांदा कोणी ऐकलं होतं?