साबण कुणी खाल्ला?

"तुमची मशीन बोगस निघाली आणि आमची बाई चोर," दामोदरराव म्हणाले. "एकाच महिन्यात दोन फटके. आता काय करून राहिले तुम्ही, सांगा."

मी अजून चपलाही काढल्या नव्हत्या.

दामोदररावांची लकडगंजात लाकडाची वखार होती आणि वखारीमागे नवा बंगला. पाणी बोअरचं. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. घरात वॉटर सॉफ्टनर बसवणारी माणसं तेव्हा नागपुरात मोजकीच. आल्यागेल्याला ते आधी मशीन दाखवत, मग चहा विचारत. मी कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर. मशीन विकायचे आमचे मॅनेजर, सीताबर्डीच्या ऑफिसात पंख्याखाली बसून. विकताना ते फार गोड बोलत. बिघडलं की मला पाठवत.

तक्रार अशी होती. सुरुवातीला मशीन उत्तम चालली. मग बादल्यांवर पांढरा थर परत आला. तूरडाळ शिजेना. गिझरची कॉइल गेली.

"आणि चोरी कसली?" मी विचारलं.

दामोदरराव आत गेले तशी त्यांच्या पत्नी शांताकाकू हळूच म्हणाल्या, "कौसाबाई धुणं करायची आमच्याकडे. नवऱ्याचा हातमाग बसला तेव्हापासून. मशीन आल्यापासून साबणाची वडी आठवडाभर जायची, ती दोन-तीन दिवसांत संपू लागली. हे म्हणाले, बाई घरी नेते. काढलं तिले. गल्लीत चार घरी सांगूनही आले. तिथलीही कामं गेली बिचारीची."

मला कारण तिथेच दिसलं. पण पुराव्याशिवाय अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो. आधी मशीन.

सॉफ्टनर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. एक उभी टाकी असते. तिच्यात मोहरीएवढे पिवळसर मणी भरलेले असतात. त्यांना रेझिन म्हणतात. जड पाण्यातला चुना हे मणी पकडून ठेवतात आणि पाणी हलकं होऊन नळाला येतं. काही दिवसांनी मणी भरतात. मग टाकीतून मिठाचं दाट पाणी सोडायचं. मीठ चुन्याला हुसकावून लावतं आणि ते सगळं पाणी गटारात जातं. मणी पुन्हा कामाला तयार. याला रिजनरेशन म्हणायचं. एवढंच शास्त्र आहे.

माझ्याकडे साबणाचं द्रावण असायचं. बाटलीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, हलवायचं. हलकं पाणी लगेच फेसाळतं. जड पाणी आधी साबण गिळतं. मी मशीनच्या नळाचं पाणी घेतलं. थेंबांवर थेंब टाकले. फेस नाही, नुसता दुधाळ गाळ. थेट बोअरचं पाणी घेतलं. तेच. म्हणजे मशीन असून नसल्यासारखी.

व्हॉल्व्ह तपासला. ठीक. टाकी टाळून पाणी थेट नळाला नेणारा बायपास पाइपही बंदच होता. झाकण उघडून मणी हातात घेतले. स्वच्छ, अख्खे. दामोदररावांच्या फोनवरून मॅनेजरना रिपोर्ट दिला.

"रेझिन बदलून टाका," ते म्हणाले.

"रेझिन चांगलं आहे, सर."

"मग बदललं म्हणून सांगा. कस्टमर खूश झाला की झालं."

या माणसाला पुढे दोन प्रमोशनं मिळाली. मला आश्चर्य वाटलं नाही.

मी ठरवलं, रिजनरेशन स्वतः करून बघायचं. खडे मीठ मागवलं. दामोदररावांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वखार मागितली.

"एवढं? एका वेळेले?"

"एवढंच लागतं. तुम्हाला सांगितलं नव्हतं का?"

"सांगितलं होतं. पण आपण बिनाअकलेचं काम नाही करत."

मीठ आलं. मी टाकी धुतली, ताजं मिठाचं पाणी सोडलं, मग साध्या पाण्याने खारटपणा निघेपर्यंत धुतली. नळाचं पाणी बाटलीत घेतलं. दोन-चार थेंब टाकताच बाटली फेसाने भरली.

"झाली न दुरुस्त!" दामोदरराव खूश. "काय बिघडलं होतं?"

"मशीन बिघडलीच नव्हती. रिजनरेशन कोण करतं?"

"मीच. मशीन नोकराच्या हाती नाही देत मी."

"मीठ कुठे ठेवता?"

त्यांचा चेहरा खुलला. हाताला धरून मला न्हाणीघराच्या मागे नेलं. गटाराकडे जाणाऱ्या पाइपला रबरी नळी जोडलेली होती आणि नळीचं दुसरं टोक एका ड्रममध्ये सोडलेलं.

"चांगलं खारं पाणी गटारात जाऊन राहिलं होतं," ते म्हणाले. "मी म्हटलं, काहून फेकायचं? ड्रममध्ये धरतो अन् पुढच्या वेळेले तेच सोडतो. तुमच्या कंपनीले नाही सुचलं, मले सुचलं!"

मी ड्रममध्ये बोट बुडवून जिभेला लावलं. खारट कमी, कडू जास्त. काढून टाकलेला सगळा चुना त्यात साठला होता आणि हे गृहस्थ दर वेळी तो मोठ्या मायेने परत मण्यांना पाजत होते. अंघोळीचं पाणी धरून ठेवून दुसऱ्या दिवशी त्यानेच अंघोळ करावी, तशातली गत. मी त्यांना तसं सांगितलं. त्यांना राग आला. समजलं मात्र नाही.

मग मी शांताकाकूंना बाहेर बोलावलं. त्यांच्याच घरची साबणाची वडी मागितली. एका बादलीत बोअरचं पाणी घेतलं, दुसरीत आताचं. एकेक मळका पंचा दोन्हींत घासून दाखवला. बोअरच्या बादलीत वडी झिजत राहिली आणि फेस नावाला नाही. दुसरीत चार हात फिरवताच फेस बादलीबाहेर.

"ही तुमची चोरी," मी म्हणालो. "साबण पाण्यानं खाल्ला. आणि पाणी असं केलं या ड्रमनं."

शांताकाकूंनी नवऱ्याकडे पाहिलं. दामोदररावांनी ड्रमकडे.

"हे बाहेर बोलू नका," ते मला म्हणाले. त्या बाईबद्दल एक शब्द नाही.

काकूंनी मात्र तिला लगेच बोलावणं धाडलं. मी सामान आवरत होतो तेवढ्यात कौसाबाई आली. फाटकाच्या आत यायला तयार नव्हती.

"झालं गेलं सोड," दामोदरराव लांबूनच म्हणाले. "उद्यापासून ये कामाले."

"साबन सापडला का?" तिने विचारलं.

"पाण्यात गेला म्हणते हे साहेब."

"मंग पाण्यालेच लावा धुन्याले," ती म्हणाली. मग काकूंकडे वळली. "बाई, त्या चार घरी तुमच्या मानसानं सांगितलं होतं. त्या घरी आता कोन सांगन?"

दामोदररावांना वखारीत काही काम आठवलं. ते निघून गेले. काकूंनी डोक्यावर पदर घेतला आणि तशाच फाटकाबाहेर पडल्या. चारही घरी गेल्या, कौसाबाईला सोबत घेऊन. चारांपैकी तीन घरांनी तिला परत ठेवलं. बंगल्यावर ती पुन्हा कधी गेली नाही. पुढे काकूच धुणं करत, असं मला दुसऱ्या व्हिजिटला दिसलं. ड्रम गेला होता. मशीन बरोबर चालत होती.

मॅनेजरना मी सगळी हकिकत सांगितली. त्यांनी त्यातून 'साबणाची बचत' एवढं उचललं आणि ते नव्या गिऱ्हाइकांना ऐकवू लागले.

मी माझ्यापुरता बदल केला. मशीन बसवून झाली की घरमालकाला उभं करून सांगायचो: वापरलेलं मिठाचं पाणी गटारात जाऊ द्या. आणि साबण लवकर संपायला लागला, तर आधी पाणी तपासा, मग माणसं. बहुतेक जण हसायचे. पहिली सूचना तेवढी पाळायचे.