प्री-वेडिंगला सुभेदार

कुंडलच्या आमच्या स्टुडिओत मी आणि इक्बाल, दोघंच. तो कॅमेरा सांभाळतो, मी गिऱ्हाईक. लग्नाचे फोटो पेनड्राइव्हवर मावतात, किस्से मावत नाहीत! त्यात हल्ली प्री-वेडिंग शूट. म्हणजे जोडप्यानं लग्नाआधी सिनेमासारखं पळायचं आणि आईबापांनी घरी बीपी वाढवायचं.

*

शिराळ्याची एक आई पोरीबरोबर आली. "चिकटायचं न्हाई, सांगून ठेवते!"

अर्ध्या तासानं तीच ओरडली, "आवं जावईबापू, जरा जवळ ऱ्हावा की! फोटूत भांडल्यावानी दिसतंय!"

*

एका नवरदेवाला हिरोसारखी धुरातून एंट्री पाहिजे होती. वडील म्हणाले, "धूरच पायजे न्हवं? मशीन कशाला?" आणि त्यांनी रानातलं उसाचं पाचट पेटवलं.

पोरगा खोकत, काळाठिक्कर होऊन बाहेर आला. इक्बाल म्हणाला, "एंट्री लय भारी. हिरो कंचा त्येवढं सांगा!"

*

आमच्या गावचे रिटायर सुभेदार मात्र हटेनात. थोरल्या मुलीला शूट पाहिजेच होतं. "असली थेरं केली तर मी मांडवात येणार न्हाई!" सुभेदार गरजले. मुलीनं जेवण सोडलं. घरात शब्द कुणाचा चालतो, इकडं सगळ्या गावाचे डोळे लागले.

शेवटी तह झाला. शूट होईल, पण सुभेदार बरोबर येतील. जोडप्यात एक हात अंतर. कमी झालं की शिट्टी!

दिवसभर शिट्ट्याच वाजल्या. स्टुडिओत येऊन बघतो तर प्रत्येक शॉटमध्ये मागं सुभेदार! कधी उसाआडून, कधी झाडामागून, डोक्याला फेटा, तोंडात शिट्टी.

"काढून टाक रं," मी म्हणालो.

"त्येंना काढलं तर ऱ्हातंय काय?" इक्बाल म्हणाला.

*

मांडवात मोठ्या पडद्यावर व्हिडिओ लागला. जोडप्याकडं कुणी बघेना. सुभेदार दिसले की पोरं शिट्ट्या मारायची, वन्स मोअर करायची! सुभेदार खुर्चीवरनं उठले. माझी पाचावर धारण बसली. मी मागच्या बाजूनं सटकलो.

महिन्याभरानं त्यांचा फोन आला. "धाकटीचं जमलंय. ती म्हणती, शूट नको, साधं लगीन करू."

मला हायसं वाटलं. "बरोबर हाय की तिचं."

"बरोबर कसं? ह्या घरात माझा शब्द चालतो! शूट हुणार!" मग आवाज जरा खाली आला. "आणि काय रं गड्या, ह्या टायमाला गॉगल घालू, का फेटाच बरा?"