चांद्याचं नाक आणि एचडी

मारोतकाका टीव्ही लावण्याआधी आपला चष्मा पुसतात. मग टीव्ही पुसतात. मग धुरपताकाकूंना विचारतात, "तू पुसला का चष्मा?" काकूंना चष्मा नाही.

रिमोट ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवतात आणि बटणं पिशवीवरूनच दाबतात. लग्नात मोठा पडदा लावला असेल तर जेवणाआधी त्याच्या अगदी जवळ जाऊन उभे राहतात आणि मागे वळून पंगतीला सांगतात, "चित्र फुटून राह्यलं." आधार कार्डावरचा स्वतःचा फोटो त्यांना मान्य नाही. तो एचडी नाही. वरण पातळ झालं की तेही एचडी नसतं. डिशसमोरच्या कडुनिंबाची फांदी हलली, की दारात घुसलेल्या बकरीकडे पाहावं तसं ते तिच्याकडे पाहतात. अनोळखी नंबरवरून फोन आला, समोरून कुणी हिंदीत बोललं, तर आधी विचारतात, "मराठी चॅनल एचडी में कब आएगा?" समोरची बाई विमा विकत असते.

आर्णीत त्यांचं ट्रॅक्टरच्या टायरचं पंक्चर काढायचं दुकान आहे. दुकानामागे घर. आमच्या घराची भिंत त्यांच्या भिंतीला लागून. मी मराठी घेऊन एम.ए. झाले त्याच महिन्यात त्यांच्याकडे बेचाळीस इंची टीव्ही आला. काकांनी दोन्हींचे पेढे एकदमच वाटले. त्यांच्या मते दोन्हींचा उपयोग व्हायला अजून वेळ होता.

टीव्ही एचडी होता. डिशचा डबा एचडी होता. इंग्रजी सिनेमे, क्रिकेट, समुद्रातले मासे, सगळं एचडीत येत होतं. काकांना हवा होता तो एकच मराठी चॅनल तेवढा साधा होता.

"मले माशाचं काय करायचं?" ते म्हणायचे. "त्याईच्या डोयातलं बुबूळ दिसते. माह्या बैलाचं नाक नाही दिसत."

त्या चॅनलवर रोज संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम लागतो. सुरुवातीला आधी सूर्य उगवतो. मग कापूस दिसतो. मग टोपली घेतलेली एक बाई विनाकारण हसते. आणि मग चार सेकंद धूळ. त्या धुळीत बैलांच्या दोन जोड्या पळतात. डावीकडची जोडी चांद्या आणि शेरू. त्यांच्यामागे छकड्यावर काडीसारखा उभा असलेला माणूस म्हणजे मारोतकाका. उजवीकडे तुफान आणि बादल. त्यांच्यामागे बंजारा तांड्यावरचे हरिसिंगमामा.

आमच्याकडे बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. त्या वर्षीच्या पटाला कॅमेरावाले आले होते. वीसेक वर्षं झाली. दोन्ही जोड्या एकदम आल्या. झेंडीवाल्याच्या डोळ्यांत धूळ गेली होती. पंचांनी आपसात बोलून तुफानचं नाक पुढे होतं असं ठरवलं. बक्षिसाचं पितळी घंगाळ हरिसिंगमामांना मिळालं. त्यावर छिन्नीने त्यांचं नावही घातलं गेलं. मारोतकाकांचं म्हणणं, नाक चांद्याचं पुढे होतं. पुढच्या पटात दाखवतो, ते म्हणाले. पुढची काही वर्षं त्यांची गाठ पडली नाही. मग पटावर बंदी आली. बंदी उठली तेव्हा चारही बैल गेले होते आणि दोघांचेही गुडघे जायला आले होते.

उरले होते ते हे चार सेकंद.

बाजाराच्या दिवशी हरिसिंगमामा यायचे. दुकानाच्या बाकड्यावर बसायचे.

"रामराम, भिया."

"रामराम. आंघोय झाली?"

"झाली ना. घंगाळात पानी घेतलं. पितळेतलं पानी आंगाले बरं लागते."

"माह्यं घंगाळ हाय ते."

"नाव कोनाचं हाय त्याच्यावर?"

इथे काका हातातली टायरलिव्हर जोरात खाली ठेवायचे. एकदा काकूंनीच तोडगा काढला. चॅनल एचडी होऊ द्या. नाक स्वच्छ दिसेल. चांद्याचं पुढे असलं तर घंगाळ इकडे येईल आणि त्यावर मारोतकाकांचं नाव पडेल. तुफानचं असलं तर काकांनी हा विषय पुन्हा म्हणून काढायचा नाही. दोघांनी मान्य केलं. काकूंना मनातून दुसरं व्हावं असं फार वाटत होतं.

मी काकांना समजावून पाहिलं. जुन्या कॅमेऱ्यात जे टिपलं गेलं तेच दिसणार. चॅनल एचडी झाल्याने जुनं चित्र धुऊन निघत नाही.

"दीपे, खिडकीची काच पुसली का बाहेरचं दिसते का नाही?"

"दिसतं. पण बाहेरच धूळ असली तर?"

"तू साहित्याची," ते म्हणाले, आणि वाद संपला.

मग साहित्याचं काम माझ्याकडे आलं. डिशच्या कंपनीला काकांच्या वतीने मोबाइलवरून लिहायचं. मी लिहिलं. प्रादेशिक भाषेच्या प्रेक्षकावरचा अन्याय, ग्रामीण माणसाची दृष्टी, असे शब्द वापरले. काकांना ते आवडलं नाही. "नाकाचं लिव्ह," ते म्हणाले. मी नाकाचं लिहिलं. उत्तर आलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. काकांनी ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"मोलाचा म्हनते. म्हंजे येते चॅनल."

दर महिन्याला मी लिहीत राहिले. दर महिन्याला आमचा अभिप्राय मोलाचा ठरत गेला.

गेल्या दिवाळीनंतर चॅनलवर खालून पट्टी सरकली. लवकरच एचडीमध्ये. काकांनी त्या दिवशी कडुनिंबाची फांदी स्वतः चढून तोडली. काकूंनी खालून शिडी धरली आणि त्यांच्या वयाचा हिशोब मोठ्याने सांगितला.

त्याच आठवड्यात हरिसिंगमामा आले आणि दुकानापुढच्या टायरांच्या चळतीला रामराम घालून उभे राहिले. चळतीवर काकांची टोपी ठेवलेली होती.

काका आतून पाहत होते. "काय बे, टायरले रामराम?"

"तुह्यासारखंच दिसलं. काळं आन् गोल."

काका हसले नाहीत. ते बाहेर आले, मामांच्या तोंडासमोर बोटं नाचवली. मग मला हाक मारली. मीही पाहिलं. दोन्ही बुबुळांवर दुधासारखं पांढरं चढलं होतं.

"मोतीबिंदू हाय," मामा म्हणाले. "दिसते तेवढं बस झालं. पोरं ऊसतोडीले गेली. कोन नेते, कोन आनते? आन् तुले पाहाले मले एचडी कायले पाहिजे?"

ते गेल्यावर काका बाकड्यावर बसून राहिले. ट्रॅक्टरवाला येऊन उभा होता. त्याला त्यांनी पाहिलंच नाही.

"चॅनल येऊन राह्यला," ते मला म्हणाले, "आन् यालेच दिसलं नाही तं मी जितलो कोनापुढं?"

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. मला कळायला लागल्यापासून ते फक्त मुलीच्या लग्नाला बंद होतं, तेही दुपारपर्यंत. काका तांड्यावर गेले होते. कागद वाचायला मला बरोबर घेतलं होतं. हरिसिंगमामा खाटेवरून उठायला तयार नव्हते. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांच्या पोटात दुखायचं. काकांनी बराच वेळ गोडीगुलाबीने सांगितलं. ते त्यांना नीट जमलं नाही. मग म्हणाले,

"समजलं मले. घंगाळ वाचवाले आंधया राह्यतं तू."

हरिसिंगमामांनी टोपी शोधली आणि बसमध्ये जाऊन बसले.

यवतमाळला दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पेशंट तुमचे कोण? काका म्हणाले, "दुश्मन हाय. डोया नीट करा." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कागद पुढे केला.

एक डोळा झाला. तेवढा पुरे, असं दोघांचंही मत पडलं. थेंब दिवसातून बरेचदा टाकायचे होते. तांड्यावर टाकणारं कुणी नव्हतं, म्हणून काकांनी मामांना घरीच आणलं. टीव्हीसमोर खाट टाकली. टीव्हीवर चादर घातली. बरा होईपर्यंत डोळ्याला त्रास नको, असं काका म्हणाले. मधेच चॅनल आला तर मामा आधीच बघून घेतील, अशी भीतीही असावी. माणूस आपल्या शत्रूला असं सांभाळताना मी पुस्तकातही वाचलं नव्हतं. भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

"वर पाह्य. वर. तुह्या तुफानावानी मान कायले हालवतं?"

"तुफान मान हालवे आन् पुढं जाये."

"डोया उघड. बोलू नोको."

मामा बरे होऊन तांड्यावर गेले. पंधरवड्याने चॅनल आला. नव्या नंबरवर, कसलाही गाजावाजा न करता. काका सकाळी बटणं दाबत जात असताना तो तिथे होता. त्यांनी दोन फोन केले. एक तांड्यावर. एक मला. मी भिंतीपलीकडे होते.

संध्याकाळी हरिसिंगमामा काळा चष्मा लावून आले. कुणाच्या तरी स्कूटरवर मागे बसलेले, मांडीवर धोतरात बांधलेलं घंगाळ. ते खोलीच्या मधोमध ठेवलं. काकूंनी त्याला हळदीकुंकू लावू का विचारलं. दोघंही टीव्हीकडे बघत होते.

कार्यक्रम सुरू झाला. सूर्य उगवला. इतका स्वच्छ की काकूंनी डोळ्यांवर हात घेतला. मग कापूस. एकेक बोंड मोजता येईल असा. "कीड पडली त्याले," काका म्हणाले. टोपलीवाली बाई हसली. तिचा एक दात किडलेला होता. दोन वर्षं आम्हाला कुणालाच ते कळलं नव्हतं. काका पुढे सरकले. त्यांचा हात रिमोटच्या पिशवीवर होता.

मग चित्र एकदम मध्ये आक्रसलं. दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. मध्ये धूळ, पूर्वीइतकीच. बैल मात्र बारीक झाले होते. इतके दिवस टीव्ही त्यांना ताणून दाखवत होता.

"चांद्या वायला वं माय," काकू म्हणाल्या.

काकांनी चित्र थांबवलं. बरोबर रेषेवर. दोन पांढुरके डाग होते. त्यातलं नाक कोणतं, जू कोणतं, बैल कोणता, काहीच कळत नव्हतं. मी अगदी जवळ गेले. जवळून तर डागही नव्हते.

काकांचा चेहरा मला पाहवेना. मी काही तरी बोलणार होते, जुन्या कॅमेऱ्याबद्दल.

तेवढ्यात हरिसिंगमामा उठले. काळा चष्मा काढला. टीव्हीपाशी जाऊन वाकले. नवा डोळा बारीक केला. बराच वेळ पाहिलं.

"चांद्या," ते म्हणाले. "नाक पुढं हाय. चार बोटं."

"कुठी?" काका म्हणाले.

"हे काय." त्यांनी धुळीवर बोट ठेवलं.

"तुले खरंच दिसून राह्यलं?"

"डोया तुवाच करून देल्ला. आता दिसते म्हनतो तं भरवसा नाही?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी साहित्याची. मी टीव्हीकडे पाहिलं.

मामांनी चहा घेतला. घंगाळ काकांच्या बाजूला सरकवलं. "आंघोय करजो त्याच्यात. नुसतं ठेवू नोको." आणि त्याच स्कूटरवर मागे बसून गेले. जाताना दारातल्या टायरांना रामराम घातला. या वेळी मुद्दाम.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातून ठोकण्याचा आवाज येत होता. काका छिन्नी आणि लहान हातोडी घेऊन बसले होते. घंगाळाच्या काठाखाली हरिसिंगमामांचं पूर्ण नाव, ठिपक्याठिपक्यांचं, काळं पडलेलं. त्याखाली काकांनी खडूने एक रेघ मारून घेतली होती. ठोक, ठोक. मग आवाज थांबला. बराच वेळ आलाच नाही, म्हणून मी डोकावले.

'मा' झाला होता. पितळ तिथे नवं चकचकत होतं.

"काय झालं, काका?"

"हात हालून राह्यला."

ट्रॅक्टरच्या टायरमधून वीतभर खिळा काढताना तो हात हललेला मी पाहिलेला नाही.

"दीपे," ते म्हणाले, "तुले दिसलं होतं का?"

"मी साहित्याची, काका."

त्यांनी मान हलवली. छिन्नी घंगाळात ठेवली.

आता चॅनल एचडी आहे. काका तो लावत नाहीत. लागलाच, तर सूर्य उगवल्याबरोबर बदलतात. बाजाराच्या दिवशी हरिसिंगमामा येतात आणि दोघं समुद्रातले मासे बघतात. कोणता मासा पुढे, यावर त्यांचं भांडण होतं. काकूंनी अलीकडे कानात कापूस घालायला सुरुवात केली आहे.

निघताना मामा दारातल्या घंगाळाकडे पाहतात.

"भिया, नाव पुरं कर ना बे. लोकं पुसतेत, हा मा कोन म्हनून."

"करतो. छिन्नीले धार नाही."

छिन्नी अजून घंगाळातच आहे. परवा गल्लीतल्या पोरांच्या पेन्सिलीला टोक करायला मी ती मागून नेली. चांगली धार आहे. परत आणून होती तिथेच ठेवली. 'मा'पुढची खडूची रेघ पुसट झाली होती. काकांनी ती तेवढी नव्याने मारली, आणि गिऱ्हाईक आलं म्हणून उठले.