शालिग्रामकाका आणि गोचिडी

आमच्या सोसायटीचे वॉचमन शालिग्रामकाका हॉस्पिटलात आहेत. ताप उतरत नाही. मुलं झोपलीत, मला झोप नाही, म्हणून लिहीत बसले आहे.

काका मूळचे शिरपूरकडचे, बोलतात अजून अहिराणीच. इथे सुरतेत, उधन्याच्या कापड कारखान्यात जन्मभर लूम चालवल्यामुळे ऐकू कमी येतं. सांगितलेलं काम ते थांबवा म्हणेपर्यंत करतात, आणि थांबवा म्हटलेलं त्यांना ऐकू जात नाही.

उन्हाळ्यात माझ्या लेकीच्या, जागृतीच्या कानामागे गोचीड सापडली. मी नेटवर लाइम नावाचा आजार वाचला आणि तिच्या अंगावर गोल चट्टा शोधत सुटले. डॉक्टर म्हणाले, "तो आपल्याकडे क्वचितच. पण गोचिडीमुळे दुसरे ताप येतात. ताप आला आणि चावल्याजागी काळी खपली दिसली, तर लगेच या." मी काकांना एवढंच म्हटलं, "कुत्री आत येतात, जरा गोचिडींकडे लक्ष ठेवा."

दुसऱ्या दिवसापासून गेटवर प्रत्येकाला पँट गुडघ्यापर्यंत वर करावी लागली. कुरियरवाला, गॅसवाला, खुद्द चेअरमन. शेजारच्या दिपालीला बघायला आलेल्या मुलाचे तर काकांनी मोजेच उतरवले. मुलाचे वडील भडकले, "आम्ही मुलगी बघायला आलोय की दवाखान्यात?"

"दुसरा पाय," काका म्हणाले.

लग्न ठरलं.

मग काकांनाच ताप भरला. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या गोळ्या खाऊन त्यांनी तो अंगावर काढला. काल सकाळी खुर्चीतून उठवेना. माझे यजमान प्रमोद रिक्षा घेऊन आले, तर काकांनी गेटचा गज धरला.

"मनी तपासनी व्हयनी नही."

"अहो काका, तपासणी आत येणाऱ्यांची! तुम्ही बाहेर चाललात!"

"नियम सगळास्ले सारखा शे, ताई."

"चालो ने, काका!" रिक्षावाला ओरडला. काका थरथरत होते, पण गज सुटेना. शेवटी प्रमोदनी वैतागून टॉर्च काढली. पाय बघितले, पाठ बघितली. विजारीच्या नाडीखाली काळी खपली होती.

मी इतक्या जोरात किंचाळले की काकांनाही ऐकू गेलं.

हॉस्पिटलात खपली बघताच डॉक्टर म्हणाले, "रिपोर्टची वाट बघत नाही. गोचिडीच्या तापाचं औषध आत्ताच सुरू करतो."

इथवर लिहिलं आणि काकांच्या बायकोचा, सखुबाईंचा फोन आला. "ताप उतरी गया, माय. भाकर मांगी ऱ्हायनात."

एवढ्या रात्री हॉस्पिटलात कुणी आत सोडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मी पीठ मळायला घेतलंय.