अमेरिकेतली करवंटी

लिमये मास्तर वर्गात शब्दकोश आणू देत नसत. कोणाच्या दप्तरात तो सापडला, तर दोन बोटांत धरून खिडकीत नेऊन ठेवत आणि म्हणत, "ह्यातले शब्द पुण्याचे. आपले शब्द आपल्या घरी असतात. घरून आणा."

इंग्रजी वाक्य वाचून झाले, की हात मागे बांधून ते बाकांमधून फिरू लागत. "हे आपल्या रत्नांग्रीत कसं म्हणतील?" चांगला शब्द देणाऱ्याला कोटाच्या खिशातून फणसपोळीचा तुकडा मिळे. त्याच खिशात खडूही असत, त्यामुळे फणसपोळीला खडूची चव यायची. आम्हांला तिचे काही वाटत नसे. मास्तर मूळ मुरुडचे. अंगाने अगदी काडी, पण हसले की शेजारच्या वर्गातले गणित थांबे.

मी तेव्हा इंग्रजी सहावीत होते. वर्गात आम्ही तीनच मुली, भिंतीलगतच्या वेगळ्या बाकावर. त्या वर्षी मास्तरांनी अभ्यासाला नेमलेले पुस्तक दिवाळीपूर्वीच उरकले आणि स्वतःजवळची एक जाडजूड अमेरिकन कादंबरी काढली. प्रत एकच. ते वाचत आणि आम्ही वाक्यावाक्याचे मराठी करून वहीत उतरवत असू. एका मळेवाल्याच्या घरात दोन मुली बरोबरीने वाढतात, एक मालकाची आणि एक घरच्या काळ्या स्वयंपाकिणीची, अशी ती गोष्ट होती. खेळ एक, खोड्या एक, मारसुद्धा एकत्र. पुढे मोठ्या झाल्यावर एकीला दिवाणखाना आणि दुसरीला मागीलदार.

आमचा वर्ग त्या गोष्टीत पार बुडाला. मालकावर तर आम्ही इतके चिडलो होतो, की तो भेटता तर मुलांनी त्याला भाट्याच्या खाडीत लोटला असता. मात्र एक कोडे कोणालाच सुटेना. शेवटी बापू सावंत उठून उभा राहिला.

"मास्तर, सैपाक त्या काळ्या बाईच्या हातचा चालतो, आणि तिच्या मुलीचं भांडं मात्र वेगळं? ही कसली रीत?"

"अडाणी लोक रे," मास्तर अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाले. "आपल्याकडे कसं, सगळंच वेगळं. घोटाळाच नाही."

आम्ही हसलो. आपण कशाला हसलो, ते समजायला आणखी आठ दिवस लागले.

आठ दिवसांनी ते वाक्य आले. मागल्या दाराशी, त्या मुलीने पाणी प्यायचे भांडे खिळ्याला टांगलेले असे, एवढेच काय ते वाक्य. भांड्यासाठी इंग्रजीत जो शब्द होता, तो कोणालाच ठाऊक नव्हता. मास्तर हात मागे बांधून फिरू लागले. "दाराबाहेर टांगलेलं, फक्त तिच्यासाठी ठेवलेलं. सांगा, आपल्या रत्नांग्रीत काय म्हणतील?"

मी ताडकन उठले आणि म्हणाले, "करवंटी!"

वर्ग असा हसला, की विचारू नका. सगळ्यांत मोठ्याने मास्तर. त्यांची टोपी खाली पडली. "अगो कुसुम, अमेरिकेत नारळ कुठला गो? बोटीने नेलास की काय?" डोळे पुसत त्यांनी टोपी उचलली आणि सहज विचारले, "पण तुला सुचलं कुठून हे?"

"आमच्या मागीलदारी असते ना, वळचणीला खोचलेली. रखमाची."

रखमा महारवाडीतून आमच्याकडे फाट्यांचा भारा घेऊन येई. चुलीची लाकडे ती आमच्या परड्यात रचून ठेवी आणि मग आई तिच्या करवंटीत वरून चहा ओती. मी जन्मापासून पाहत आले होते. मास्तरांचे हसू हळूहळू मावळले. त्यांनी वर्गाकडे वळून विचारले, "आणखी कोणाकडे आहे?" आधी कोणी हात वर करीना. मग बापूने केला आणि त्याच्यामागून जवळजवळ साऱ्या वर्गाने.

"चूक आहे," मास्तर म्हणाले, "पण ही चूक खोडायची नाही." त्या दिवशी मला फणसपोळीचे दोन तुकडे मिळाले, आणि दोन्ही माझ्याच्याने खाववले नाहीत.

शाळेच्या संमेलनात या भाषांतरातले एक प्रकरण वाचायचे ठरले आणि वाचायला मला निवडले. प्रकरण नेमके तेच. माझे वडील, आप्पा, वकील होते आणि शाळेच्या मंडळावर होते. लिमये मास्तरांची नोकरी हंगामी होती. त्यांना कायम करायचे की नाही, हे उन्हाळ्यात मंडळच ठरवणार होते. आप्पांनी माझी वही चाळली आणि मास्तरांना घरी बोलावले.

"मास्तर, हा शब्द चुकीचा आहे. इथे पेला हवा."

"चुकीचाच आहे, आप्पासाहेब."

"मग बदला. घरची लक्तरं संमेलनात कशाला?"

"बदलतो की. पण आधी तुमच्या वळचणीची ती करवंटी काढा. म्हणजे पोरीला दुसरा शब्द आपोआप सुचेल."

एवढे बोलून मास्तरांनी पन्ह्याचा पेला रिकामा केला आणि "वेलची झकास लागलीय हो, वहिनी!" असे आत ओरडून सांगितले. आप्पांच्या कपाळाची शीर उडत होती. दुसऱ्या दिवशी मी घाबरत घाबरत मास्तरांना विचारले, "मी काय वाचू?" ते म्हणाले, "वाचणारी तू. पेला म्हणालीस, तरी मी रागावणार नाही. माझ्या नोकरीचा विचार तू करायचा नाहीस, तो करायला माझी बायको खंबीर आहे."

संमेलनाला पहिल्या रांगेत आप्पा होते, बायकांच्या बाजूला आई. ते वाक्य जवळ आले, तसे मी मास्तरांकडे पाहिले. मास्तर कोपऱ्यात छताकडे बघत उभे होते. मी "करवंटी" वाचले. सभा हसली. मागून कोणीतरी ओरडलेसुद्धा, "अमेरिकेत नारळ!" मी पुढे वाचत राहिले. वाचता वाचता एवढे कळले, की बायकांच्या बाजूला मात्र कोणी हसत नव्हते.

मंडळाने लिमये मास्तरांना कायम केले नाही. आप्पांनी विरोधात मत दिले, आणि घरी येऊन तसे सांगितलेही. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. आज वाटते, निदान लपवले तरी नाही त्यांनी.

वैशाखात मास्तर बंदरावरून हर्णैच्या बोटीने निघाले. आम्ही तिघी मुली, बापू आणि आणखी दहा-बारा जण पोचवायला गेलो. मी हमसाहमशी रडत होते. "मास्तर, माझ्यामुळे तुमची नोकरी गेली."

"वेडी काय तू? नोकऱ्या छप्पन्न मिळतील. तसला शब्द मला उभ्या जन्मात सुचला नसता."

मग मी त्यांना बातमी सांगितली. संमेलनाच्या दुसऱ्याच दिवशी आईने करवंटी चुलीत घातली आणि रखमाला आमच्यातल्या पितळी पेल्यात कढत चहा दिला. प्यायल्यावर आईनेच तो पेला उचलून आत नेला. आप्पांनी पाहिले आणि ते तसेच कोर्टात निघून गेले. मला वाटले, मास्तर शाबासकी देतील. ते म्हणाले, "ते झालं. रखमा काय म्हणाली?"

"ती म्हणाली, 'बोटां भाजली माजी, वैनीबाय. पन म्या काय पेला सोडला नाय.'"

"सहा महिने आपण एवढं भाषांतर केलं," ते म्हणाले, "आणि तिला एकदाही विचारलं नाही गो कोणी. मीसुद्धा नाही." आणि मग त्यांना जे हसू फुटले! बोटीवर नेणाऱ्या पडावात ते चढले ते हसतच. तांडेल ओरडत होता, "मास्तर, बसा खाली, पडाव कलंडंल!" पण ते उभ्या उभ्या मला हाका मारत होते, "कुसुम, वहीत लिहून ठेव ते! तिच्याच शब्दांत लिही! एक अक्षर बदलू नको!"