दारव्ह्याच्या बाजारातले पांढरे कपडे

टीव्हीवर रोज लढाईच्याच गोष्टी चालल्या होत्या ना, तेव्हाचं सांगते. आमचा पोरगा फौजेत, सरहद्दीवर, अन् त्याचा फोन काही लागत नव्हता. भाकरी थापतानाही मी फोन परातीशेजारी ठेवायची. वाजला की छातीत धस्स व्हायचं, नाही वाजला तर त्याहून जास्त.

आमचे हे जुने फौजी. हे अन् यांच्यासारखेच निवृत्त झालेले चार-पाच जण आमच्या अंगणात चहाला बसायचे. त्यात तांड्यावरचे एक सुभेदार होते, लढाईतून लंगडत आलेले. या सगळ्यांनी ठरवलं की बाजाराच्या दिवशी दारव्ह्याला जाऊन चौकात उभं राहायचं. भाषण नाही, घोषणा नाही. हातात फक्त फलक : 'आम्ही लढाई पाहिली आहे. आम्हाला शांतता हवी.' विहारात वंदनेला घालतो ते पांढरे कपडे घालायचे, ही कल्पना आमच्या ह्यांची. वर पदकं.

"पोरगा तिकडे आहे अन् तुम्ही इकडे हे कायले करून राह्यले?" मी विचारलं.

"तो तिकडे आहे म्हणूनच," एवढंच म्हणाले.

मला भीती माराची होती. गल्लीतला एक जण तोंडावर बोलून गेला होता की पेन्शन घेता अन् लढाई नको म्हणता. सुभेदार हसले होते, म्हणाले, ज्यांनी पेन्शन घेतलीच नाही त्यांना जाऊन विचार मग. पण मला काही हसू आलं नाही.

त्या दिवशी पदकं मीच टाचून दिली. तू येऊ नको म्हणून हे निघून गेले. घरात जीव थांबेना, तशी मीही मागची जीप धरली. जीपमध्ये बायका सोयाबीनचं बोलत होत्या, मला मात्र ह्यांचा फुटलेला चष्मा दिसत होता, फाटलेला सदरा दिसत होता.

उतरले तर मारामारी नव्हतीच. बाजार गप्प होता. भाजीवाल्यांची ओरड बंद, म्हाताऱ्यांनी टोप्या काढून हातात धरलेल्या. मिरचीवाली हळूच म्हणाली, "आपल्या तालुक्यातला पोरगा गेला म्हणते, बाई. सीमेवर."

ही माणसं कशासाठी उभी आहेत ते मला ठाऊक होतं हो. तरी मी आधी फलक शोधला. फलक कुठेच दिसेना. पांढरे कपडे, पदकं, खाली माना, अन् पुढे कोणीतरी झेंडूची फुलं आणून ठेवलेली. मयतीलाही आपण पांढरंच घालतो, हे त्या शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं. मला वाटलं, इथे आल्यावरच ह्यांना फोन आला. आपलाच गेला.

मी पुढे जाणार तोच एक बाई धावत आली. पदर पडलेला, चप्पल एकाच पायात. तिने सुभेदारांचा हात धरला. "कोणाचा पोरगा, भाऊ? माहा त नाही ना?"

सुभेदारांनी ह्यांच्याकडे पाहिलं. आमचे हेच म्हणाले, "कोणाचाच नाही, माय. अजून कोणी गेलं नाही."

मग उलगडा झाला. परवानगी नाही म्हणून एका पोलिसाने फलक काढून नेला होता, अन् गप्प उभं राहायचं ठरलं होतं म्हणून हे गप्पच राहिले होते. पांढरे कपडे पाहून लोकांनीच कोणाचा तरी पोरगा गेला असं धरलं होतं. लोक पांगायला लागले. कायले भेव दाखवता लोकायले, असंही कोणी म्हणून गेलं. भाजीवाले पुन्हा भाव ओरडायला लागले.

ती बाई मात्र गेली नाही. "अजून नाही," असं पुटपुटत ती तिथेच, त्या फौजींच्या पायाशी, फुलांजवळ बसली. ह्यांनी मला पाहिलं, रागावले नाहीत. मी जाऊन तिच्याशेजारी बसले. तिच्याही मुठीत फोन होता, माझ्याही. दोघींचेही वाजत नव्हते.