सतरावं पान

शिक्केमामा कुठलंही पुस्तक उघडत ते थेट सतराव्या पानावर. आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात शिक्का तिथंच मारायचा असे. पहिलं पान फाडून कुणी पुस्तक लांबवलं, तरी ते आपलं म्हणून ओळखता यावं. मामा तिथले शिपाई, मी सहायक ग्रंथपाल. शिक्का मारला की ते पानावर हळू फुंकर घालत. मी घाई केली की म्हणत, "थांबा ताई, शाई वाळायलीय. मुहूर्त टळायला तुमचं लगीन हाय का?"

ही पद्धत निजामाच्या वेळच्या शाळेची. त्या शाळेची पुस्तकं आणि सागवानी कपाटं कॉलेजकडे आलेली. नवे विद्यार्थी आले की मामा त्यांतला नकाशांचा जाडजूड ग्रंथ काढत. सतराव्या पानावर उर्दू शिक्का, त्याखाली हैदराबाद राज्याचा, त्याखाली आमचा. त्यात कॉलेजचं नाव आणि विद्यापीठाचं. "राज बदललं की शिक्का बदलतो," मामा सांगत आणि खालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवत. "अजून एक यायचाय."

तो कोणत्या नावाचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि गावाकडे मामांची वस्ती जाळली गेली. त्याबद्दल ते एवढंच बोलत, "पोरीची पुस्तकं बी गेली. त्येंच्यावर शिक्का नव्हता."

सोळा वर्षांनी विद्यापीठाचं नाव बदललं. त्याच महिनाअखेरीस मामा निवृत्त होणार होते. नवा शिक्का आला. ग्रंथपालांनी तो माझ्या खणात टाकायला लावला. "जुना झिजू द्या, मग बघू."

शेवटच्या दिवशी मामांनी तो ग्रंथ माझ्यापुढे उघडून ठेवला. "एकदाच, ताई."

खणाची किल्ली माझ्या कमरेलाच होती. मी म्हणाले, "सरांना विचारून सांगते." विचारलं नाही. भीती होती असंही नाही. उगाच कटकट नको, एवढंच.

त्याच वर्षी आमचा जिल्हा दुसऱ्याच, नव्या विद्यापीठाला जोडला गेला. शिक्का एकदाही न उमटता बाद झाला. मी तो कागदात गुंडाळून पूर्णेला मामांच्या घरी नेला. त्यांनी तो उलटा करून रबरावर अंगठा फिरवला. अंगठा कोरडाच राहिला.

चहा झाला. निघताना त्यांनी पुडकं माझ्या पिशवीत परत ठेवलं.

"ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच. तुमच्या खणातला हाय."